पंचेचाळीस मिनिटांचा उंबरठा

जर्मनीत 1 जानेवारी 1995 पासून पगारातून एक नवी कपात सुरू झाली. बिस्मार्कने 1883 साली आजारपणाचा विमा आणला, पाठोपाठ अपघाताचा आणि म्हातारपणीच्या निवृत्तिवेतनाचा. 1927 मध्ये बेकारीचा विमा आला. त्यानंतर जवळपास सात दशकं सामाजिक विम्याच्या या घरात नवं कुणी आलं नव्हतं. 1995 मध्ये आला तो शुश्रूषा विमा. जर्मन लोक त्याला फ्लेगेफर्झिशरुंग म्हणतात. ज्याला स्वतःचं स्वतः करता येत नाही, त्याच्या रोजच्या देखभालीचा खर्च समाजाने वाटून घ्यायचा, ही त्यामागची कल्पना.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात फ्रांकफुर्टच्या विद्यापीठ रुग्णालयाच्या दप्तरखान्यात एक जुनी फाईल सापडली. तिच्यावर नाव होतं आउगुस्टे डेटर. नोव्हेंबर 1901 मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी ही बाई फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली होती आणि तिला तपासणाऱ्या डॉक्टरचं नाव होतं आलॉइस अल्झायमर. 1906 मध्ये ती वारली, त्याच वर्षी त्याने ट्युबिंगनला तिची केस मांडली आणि पुढे त्याच्या नावाने आजार ओळखला जाऊ लागला. फाईलमध्ये त्याच्या हाताने टिपलेले प्रश्न आणि तिची उत्तरं आहेत. दुपारचं जेवण चालू आहे, ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस आहे. काय खाताय, असं विचारल्यावर ती सांगते, पालक.

आता शुश्रूषा विम्याच्या 1995 च्या नियमांनी या प्रसंगाकडे पाहायचं तर उत्तर सोपं होतं. बाई स्वतःच्या हाताने खाते आहे, भरवावं लागत नाही, म्हणजे जेवणाच्या रकान्यात मदतीची मिनिटं शून्य. अल्झायमरच्या देशाने म्हातारपणासाठी जगातल्या पहिल्या काही सामाजिक विम्यांपैकी एक उभा केला, आणि त्यात अल्झायमरच्या रुग्णांना नीट जागा मिळायला पुढची बावीस वर्षं गेली. या संस्थेची वाटचाल मला त्यासाठीच सांगावीशी वाटते.

1995 च्या आधी काय होतं? आरोग्य विमा आजाराचे पैसे द्यायचा. औषध, शस्त्रक्रिया, रुग्णालयातला पलंग, सगळं त्यात. पण अंघोळ घालणं, कपडे चढवणं, भरवणं, रात्री उठून पाहणं हे उपचारात मोडत नव्हतं. माणूस वृद्धाश्रमात गेला की त्याचं निवृत्तिवेतन जायचं, मग साठवलेले पैसे जायचे, मग घर. ते संपलं की नगरपालिकेच्या सामाजिक साहाय्याच्या खिडकीवर उभं राहायचं, आणि मुलांची ऐपत असेल तर नगरपालिका मुलांकडे वसुलीला जायची. चाळीस वर्षं इमानाने नोकरी केलेली माणसं आयुष्याच्या शेवटी गरिबांच्या यादीत जात होती. 1974 मध्ये वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका प्रतिष्ठित संस्थेच्या अहवालाने हा प्रश्न चव्हाट्यावर आणला आणि त्यानंतर वीस वर्षं वाद चालला. खाजगी विमा असावा की सामाजिक, करातून द्यावं की पगारातून, उद्योजकांनी भार का उचलावा. वादात करुणेची भाषा पुष्कळ होती, पण रेटा नगरपालिकांच्या आटलेल्या तिजोऱ्यांचा होता असं माझं मत आहे. बिल ज्यांच्या टेबलावर पडत होतं, तेच सर्वांत मोठ्याने बोलत होते.

हा वाद तडीस नेला नॉर्बर्ट ब्ल्यूम यांनी. र्‍युसेल्सहाइमच्या ओपेल मोटार कारखान्यात हत्यारं घडवणारा कारागीर म्हणून सुरुवात केलेला हा माणूस पुढे ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षाचा श्रममंत्री झाला आणि हेल्मुट कोल यांच्या सोळा वर्षांच्या मंत्रिमंडळात पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत टिकला. 1994 च्या वसंतात कायदा मंजूर झाला. अडलं होतं मालकांच्या हिश्श्यावर. निम्मी वर्गणी मालकाने भरायची तर त्याला भरपाई काय? तोडगा निघाला तो आपल्याकडच्या कर्मचाऱ्यांना ऐकवला तर धक्का बसेल. एक सुट्टी रद्द करायची. नोव्हेंबरातला प्रार्थना आणि पश्चात्तापाचा बुधवार हा प्रोटेस्टंट लोकांचा सण बहुतेक सगळ्या राज्यांनी सुट्ट्यांच्या यादीतून काढून टाकला. फक्त सॅक्सनीने काढला नाही. म्हणून सॅक्सनीतला कामगार आजही त्या बुधवारी घरी बसतो आणि त्याबदल्यात शुश्रूषा विम्याची वर्गणी मालकापेक्षा जास्त भरतो.

रचना साधी ठेवली होती. वेगळं खातं, वेगळी कचेरी असा पसारा न मांडता प्रत्येक आरोग्य विमा मंडळाच्याच छपराखाली एक शुश्रूषा मंडळ उघडलं. खाजगी आरोग्य विमा असणाऱ्यांना खाजगी शुश्रूषा विमा सक्तीचा केला. सुरुवातीची वर्गणी पगाराच्या 1 टक्का. एप्रिल 1995 पासून घरी राहणाऱ्यांना लाभ सुरू झाले, जुलै 1996 पासून आश्रमात राहणाऱ्यांना, आणि त्याबरोबर वर्गणी 1.7 टक्क्यांवर गेली. लाभ देताना उत्पन्न किंवा मालमत्ता पाहायची नाही, गरज पाहायची. मात्र गरजेचा पूर्ण खर्च द्यायचा नाही, ठरावीक रक्कम द्यायची आणि उरलेलं ज्याचं त्याने पाहायचं. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या शेवटच्या अटीत आहे.

घरच्यांसमोर दोन पर्याय होते. शुश्रूषा संस्थेची बाई घरी बोलवा, तिचं बिल मंडळ एका मर्यादेपर्यंत भरेल. किंवा घरच्या माणसानेच करावं आणि मंडळाने रोख द्यावी. पहिल्या वर्षी खालच्या पातळीला रोख 400 मार्क होती, तर संस्थेकडून सेवा घेतली तर 750 मार्कांपर्यंत. रोख जवळजवळ निम्मी, तरी बहुसंख्य घरांनी रोखच घेतली. बायको, मुलगी, सून यांनी केलेल्या कामाला पहिल्यांदा सरकारी कागदावर किंमत आली, ती कमी असली तरी. शिवाय नोकरी सोडून किंवा कमी करून सांभाळणाऱ्या माणसाच्या निवृत्तिवेतनाचे हप्ते शुश्रूषा मंडळ भरू लागलं. वर्तमानपत्रांनी या तरतुदीकडे फारसं पाहिलं नाही. मला तर ती सगळ्या कायद्यातली सर्वांत शहाणी वाटते.

मग तपासनीस दारात आला.

आरोग्य विमा मंडळांची एक वैद्यकीय सेवा होती, तिचा माणूस घरी येऊन ठरवायचा की गरज किती. तीन पातळ्या होत्या. पहिल्या पातळीत जायला रोज सरासरी किमान 90 मिनिटांची मदत लागली पाहिजे आणि त्यातली 45 मिनिटांहून अधिक मूलभूत शुश्रूषेची हवी. दुसरीला तीन तास, तिसरीला पाच. मूलभूत शुश्रूषा म्हणजे अंग स्वच्छ करणं, खाणंपिणं आणि हालचाल. कायद्यात अशा कामांची यादी होती आणि 1997 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये प्रत्येक कामाला वेळ नेमून दिला होता. संपूर्ण अंग पुसायला 20 ते 25 मिनिटं. दात घासायला 5. केस विंचरायला 1 ते 3. वृद्धाच्या दिवसाचे असे तुकडे करून ते बेरजेत मांडायचे. पक्षाघात झालेल्या, संधिवाताने बोटं वाकलेल्या माणसाला हे माप बऱ्यापैकी बसायचं. त्याचे हात चालत नव्हते, आणि घड्याळाला नेमकं तेच दिसत होतं.

स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया झालेल्याचे हात चालतात. तो स्वतः शर्ट घालतो, एकावर एक तीन घालतो. गॅस पेटवतो आणि विसरतो. रात्री तीनला कोट चढवून कामावर जायला निघतो, निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली असतात. त्याच्याजवळ कुणीतरी सतत असावं लागतं, आणि या सतत असण्याला यादीत जागा नव्हती. देखरेख आणि सूचना देणं धरलं जायचं, पण यादीतल्या कामाशी जोडलेलं असेल तरच. अंघोळ करताना शेजारी उभं राहून पुढचं पाऊल सांगितलं, तर ती मिनिटं मोजली. दिवसभर दारावर लक्ष ठेवलं, तर नाही. कायदा करणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. 1989 मध्ये जर्मन अल्झायमर सोसायटी स्थापन झालेली होती आणि ती कायद्याच्या आधीपासून हेच सांगत होती. ऐकणाऱ्याला खर्चाचं भय होतं. शरीराची गरज मोजून कुंपण घालता येतं, देखरेखीला कुंपण कसं घालणार? दिवसाला चोवीस तास असतात आणि देखरेख त्या सगळ्यांना लागते.

त्यात भर म्हणजे तपासनीस आला की म्हातारी माणसं अंगात बळ आणतात. घरात पाहुणा आला आहे, चांगले कपडे घातलेला, वहीत लिहिणारा. मग आजोबा ताठ बसतात, हसून बोलतात, मला सगळं येतं म्हणतात. अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र येतं आणि ते वाचायला घरात शुद्धीवर असलेलं माणूस एकच असतं.

पहिली दुरुस्ती 2002 मध्ये झाली. ज्यांची दैनंदिन व्यवहार सांभाळण्याची क्षमता लक्षणीय कमी झाली आहे अशांना वर्षाला 460 युरोपर्यंत. वर्षाला, महिन्याला नव्हे. तेही आधी पहिली पातळी मिळाली असेल तर, आणि ठरावीक सेवांवर खर्च केल्याच्या पावत्या दाखवल्या तर. रक्कम चेष्टा वाटावी इतकी लहान होती, पण तिने एक काम केलं. गावोगावी अल्झायमर सोसायट्या आणि चर्चच्या संस्था दुपारचे गट चालवू लागल्या, जिथे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक आठ-दहा जणांना घेऊन गाणी म्हणतात, केक खातात, आणि घरची बाई तेवढ्या वेळात दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येते.

2008 मध्ये वर्षाचे 460 जाऊन महिन्याला 100 किंवा 200 युरो झाले आणि मुख्य म्हणजे पहिल्या पातळीच्या खाली राहणाऱ्यांनाही ते मिळू लागले. लोक त्याला पातळी शून्य म्हणू लागले. एखाद्या माणसाला मदतीची गरज आहे हे मान्य करायचं आणि पातळीचं नाव शून्य ठेवायचं, हे नोकरशाहीलाच सुचावं. त्याच सुधारणेत आश्रमांना जादा मदतनीस नेमायला पैसे मिळाले, डिमेन्शियाच्या साधारण 25 रहिवाशांमागे एक. या मदतनीसांनी पुसायचं नाही, औषध द्यायचं नाही. त्यांनी पेपर वाचून दाखवायचा, फिरायला न्यायचं, पत्ते खेळायचे, बसायचं. 2015 मध्ये हे प्रमाण 20 मागे एक झालं आणि सगळ्याच रहिवाशांना लागू झालं.

मूळ माप मात्र तसंच होतं. ते बदलायचं कसं हे ठरवायला आरोग्यमंत्री उल्ला श्मिट यांनी 2006 मध्ये समिती नेमली. तिने 2009 च्या जानेवारीत अहवाल दिला. मिनिटं सोडून द्या आणि माणूस किती स्वावलंबी आहे ते मोजा, असा त्याचा सारांश. त्यावर आणखी समिती बसली. 2011 हे वर्ष नव्या आरोग्यमंत्र्यांनी शुश्रूषेचं वर्ष म्हणून जाहीर केलं आणि मे महिन्यात ते स्वतःच अर्थव्यवस्था मंत्रालयात निघून गेले. 2013 मध्ये पातळी शून्यला रोख 120 युरो मिळू लागले. थिगळावर थिगळ चढत होतं आणि अहवाल कपाटात होता. शेवटी हेरमान ग्र्योहे आरोग्यमंत्री असताना त्याचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 2017 ला घड्याळ बंद पडलं.

नव्या पद्धतीत पाच श्रेणी आहेत आणि सहा क्षेत्रं तपासली जातात. हालचालीला 10 टक्के भार. आकलन आणि संवाद हे एक क्षेत्र, वर्तन आणि मानसिक अडचणी हे दुसरं; या दोहोंपैकी ज्यात गुण जास्त तेच धरायचे आणि त्याला 15 टक्के. स्वतःची निगा राखण्याला 40, औषधोपचार सांभाळण्याला 20, दिवसाची आखणी आणि माणसांशी संबंध यांना 15. शंभरपैकी साडेबारा गुण झाले की पहिली श्रेणी, नव्वदला पाचवी. तपासनीस आता विचारतो: ओळखीची माणसं ओळखतात का? कुठे आहोत ते कळतं का? रात्री अस्वस्थ होऊन उठतात का? शरीराच्या निगेचा भार अजून सर्वांत मोठा आहे हे खरं, पण जेवणाच्या रकान्यातसुद्धा आता हात चालतो का एवढंच पाहत नाहीत, कुणी आठवण करून दिल्याशिवाय खाणं होतं का तेही पाहतात.

जुन्या लाभार्थ्यांना पुन्हा तपासणीला उभं करायचं नाही, असं ठरलं. पंचवीस लाखांहून अधिक लोक एका रात्रीत नव्या श्रेणींत गेले. शारीरिक अडचण असलेल्यांना एक पायरी वर ढकललं, आकलनक्षमता घटलेल्यांना दोन. कुणालाही आधीपेक्षा कमी मिळणार नाही, अशी हमी दिली. सरकारी कामात इतका उदार हिशोब विरळा. त्याची किंमतही तशीच होती.

वर्गणीची चढण पाहिली तर ते कळतं. 2008 मध्ये 1.95 टक्के, 2017 मध्ये 2.55, 2019 मध्ये 3.05, जुलै 2023 मध्ये 3.4, आणि जानेवारी 2025 पासून 3.6. मूल नसलेल्यांना याहून जास्त, 4.2 टक्के. ही भानगड घटनात्मक न्यायालयाच्या 2001 च्या निकालातून आली: मुलं वाढवणारे पुढचे वर्गणीदार घडवतात, मग त्यांच्याकडून आणि बिनमुलांच्याकडून सारखीच वर्गणी घेणं अन्याय्य. लाभार्थी 1999 मध्ये 20 लाख होते, 2023 अखेर 57 लाख. म्हातारे वाढले हे एक कारण. दुसरं हे की जे आधी मोजलेच जात नव्हते ते मोजले जाऊ लागले. या 57 लाखांपैकी जवळजवळ 86 टक्के घरीच राहतात.

घरी म्हणजे कुणाच्या जिवावर, हा प्रश्न कागदात दिसत नाही. मुलगी म्युनिकला, सून नोकरीला, मग पोलंड, रोमानिया, बल्गेरियातून बाई येते आणि आजीच्या घरातच राहते. मंडळाची रोख आणि आजीचं निवृत्तिवेतन मिळून तिचा पगार निघतो. करारात तास आठवड्याचे तीस लिहिलेले, आणि आजी रात्री चार वेळा उठते. बर्लिनमधल्या नव्वदी ओलांडलेल्या एका बाईला सांभाळणाऱ्या बल्गेरियन मदतनीसाने कोर्टात धाव घेतली तेव्हा जून 2021 मध्ये संघीय श्रम न्यायालयाने सांगितलं की तयारीत बसून राहण्याच्या वेळेलाही किमान वेतन लागू आहे. शुश्रूषा विम्याने जी देखरेख बावीस वर्षं मोजली नाही तिची मजुरी शेवटी न्यायालयाने मोजली. निकाल बरोबर होता, आणि तो पाळला तर मध्यमवर्गी घरांना अशी बाई परवडणार नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

आश्रमात ठेवायचं तर तिथे आणखी वेगळा हिशोब. 2025 मध्ये चौथ्या श्रेणीला मंडळ महिन्याला 1,855 युरो देतं. तरी पहिल्या वर्षी रहिवाशाच्या खिशातून सरासरी 3,000 युरोंच्या घरात जातात, शुश्रूषेचा उरलेला भाग, राहणं, जेवण, इमारतीचा खर्च धरून. 2022 पासून जितकी जास्त वर्षं आश्रमात, तितकी खिशातल्या शुश्रूषा-हिश्श्यावर सवलत जास्त. आता ती पहिल्या वर्षी 15 टक्के आणि तीन वर्षांनंतर 75 टक्के आहे. 2020 पासून मुलांकडची वसुली वर्षाला एक लाख युरोंहून जास्त कमावणाऱ्यांपुरतीच ठेवली आहे. एवढं करूनही मोठ्या संख्येने रहिवासी पुन्हा नगरपालिकेच्या खिडकीवर आहेतच, म्हणजे ज्या रांगेतून बाहेर काढायला हा विमा आणला होता त्याच रांगेत.

ब्ल्यूम यांना यातलं बरंचसं पाहायला मिळालं. 2019 मध्ये रक्तातल्या जंतुसंसर्गाने त्यांचे हातपाय निकामी झाले. मार्च 2020 मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून आपण आता चाकांच्या खुर्चीत आहोत आणि प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्यावर अवलंबून आहोत हे लोकांना सांगितलं. एप्रिलमध्ये ते गेले.

मराठी वाचकाचा या विम्याशी संबंध दोन बाजूंनी येतो. पुण्याहून श्टुटगार्टला गेलेला अभियंता पहिल्या महिन्यापासून वर्गणी भरतो. लाभ मागायचा तर आधीच्या दहा वर्षांत किमान दोन वर्षं विमा असावा लागतो, आणि कायमचं भारतात परतलं की हक्क तिथेच राहतो. दुसरी बाजू काम करणाऱ्यांची. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. तिकडच्या म्हाताऱ्यांजवळ बसायला इकडची मुलं जर्मन शिकणार. इकडे साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. आयुष्मान भारत 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना खुली झाली खरी, पण ती रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येते, आणि या आजाराची बहुतेक वर्षं रुग्णालयाबाहेर, घराच्या दोन खोल्यांत जातात. त्या वर्षांचा विचार करणारा कागद आपल्याकडे अजून तयार व्हायचा आहे.

जर्मनीत कागद आहे आणि पैसे पुरत नाहीत. जुलै 2025 मध्ये केंद्र आणि राज्यांचा संयुक्त गट सुधारणा सुचवायला बसला आणि त्याच शरदात पहिली श्रेणीच रद्द करावी अशी चर्चा सुरू झाली. या श्रेणीत रोख मिळत नाही. मुख्यतः मिळतात ते महिन्याला 131 युरो, मदतीच्या पावत्यांवर. डिमेन्शियाच्या सुरुवातीला, माणूस अजून घर चालवतो पण तारीख आणि गॅस विसरू लागला आहे अशा टप्प्यावर, पुष्कळदा हीच श्रेणी मिळते. 131 युरोंत महिन्यातल्या काही दुपारी भागतात, गटात गाणी, केक आणि घरच्या माणसाला दोन-तीन तास मोकळे. अल्झायमर सोसायटी आणि सामाजिक संघटनांनी या कपातीला विरोध केला. ही रक्कम गरजेची नाही असं म्हणणाऱ्यांना ती कुठल्या तासांसाठी वापरली जाते हे ठाऊक नसावं. 1995 मध्येही कायद्याला नेमके हेच तास दिसले नव्हते.